पुढच्या वर्षी घेऊ

गेले पंधरा दिवस आमच्या घरात एकच विषय चालू आहे. लेकीला लॅपटॉप हवाय. यंदा ती सहावीत आहे आणि तिच्या म्हणण्यानुसार वर्गातल्या "सगळ्यांकडे" आहे. (हे "सगळे" म्हणजे नेमके तीन जण, हे मी खोदून खोदून विचारल्यावर कळलं.) शाळेचं काम ती माझ्या लॅपटॉपवर करते, पण तो रिकामा होतो रात्री आठनंतर, आणि तोवर बाईसाहेब पेंगायला लागलेल्या असतात.

परवा रविवारी नुसती चौकशी करावी म्हणून दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "मॅडम, घ्यायचा तर आत्ताच घ्या. रॅम महाग झालीये, अजून वाढणार." आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "बघू. जरा थांबतो. उतरतील की भाव."

घरी येताना रिक्षात लक्षात आलं, हे वाक्य माझं नाहीच. बाबांचं आहे.

थोडं मागे जावं लागेल. केंद्र सरकारने १९८४-८५ साली शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक-प्रकल्प सुरू केला होता. त्यातून देशातल्या बऱ्याच शाळांना ब्रिटनमधले 'बीबीसी मायक्रो' संगणक मिळाले. साताऱ्याला आमच्या शाळेत असे दोन होते. स्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे आज मोबाईलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. पण त्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे आणि बोलायचं नाही. देवघरातही आम्ही इतके शहाण्यासारखे वागत नसू!

पाचवीत असताना त्या खोलीत सरांनी आम्हाला 'लोगो' दाखवलं. पडद्यावर एक छोटा त्रिकोण, त्याला म्हणायचं कासव. त्याला 'फॉरवर्ड १००' सांगितलं की ते पुढे जातं आणि मागे रेघ उमटते. 'राइट ९०' सांगितलं की काटकोनात वळतं. हेच चारदा केलं की चौकोन. एका यंत्रासमोर आम्ही चौघं, आठवड्यातून एकदा. एकदा मी त्रिकोण काढायला गेले. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे पाठ होतं, म्हणून 'राइट ६०' दिलं. कासव भलतीकडेच निघालं. असं का झालं याचा विचार करेपर्यंत माझी पाळी संपली.

त्या दिवशी घरी जाऊन मी बाबांना म्हटलं, आपण कॉम्प्युटर घेऊ या. बाबा जिल्हा परिषदेत नोकरीला होते. नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "पुढच्या वर्षी घेऊ. स्वस्त होणारेत ते." आणि खरोखरच त्यांनी एक वही केली. दरवर्षी दिवाळीच्या आसपास पेपरातल्या जाहिराती बघून, दुकानात विचारून त्यात भाव लिहायचे. १९९४: ४८६, ५२ हजार. १९९६: पेंटियम, ५४ हजार. १९९८: पेंटियम, सीडी ड्राइव्हसह, ४५ हजार. दरवर्षी यंत्र जास्त चांगलं आणि भाव जवळपास तिथेच.

या अनुभवाला अमेरिकेत एक नाव आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं. 'पीसी मॅगझिन'चे संपादक बिल मॅक्रोन यांचा १९८४ सालापासूनचा एक गमतीदार 'नियम' आहे, की तुम्हाला जो संगणक हवा असतो तो नेहमी पाच हजार डॉलरलाच मिळतो. स्वस्त होतो तो नको असलेला, कालचा. बाबांची वही म्हणजे मॅक्रोनच्या नियमाची सातारा आवृत्ती. :)

अर्थात थांबण्याच्या बाजूनेही भक्कम इतिहास आहे, आणि तो सांगितला नाही तर बाबांवर अन्याय होईल.

१९६५ सालच्या एप्रिलमध्ये गॉर्डन मूर यांनी 'इलेक्ट्रॉनिक्स' मासिकात एक छोटा लेख लिहिला. एका चिपवर किफायतशीरपणे बसवता येणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होते आहे, असं त्यात मांडलं होतं. (१९७५ साली त्यांनीच ते दोन वर्षांवर आणलं.) त्या लेखासोबत एक व्यंगचित्र होतं: मोठ्या दुकानात सौंदर्यप्रसाधनांच्या शेजारी एक विक्रेता घरगुती कॉम्प्युटर विकतोय. तेव्हा तो विनोद होता. आज मॉलमध्ये अगदी तसंच दृश्य असतं आणि कुणी हसत नाही.

हा दुपटीचा पाढा एकदा मान्य केला की थांबणं हा आळस न राहता हिशेब होतो. १९९९ साली ॲरिझोना विद्यापीठातल्या काही तरुण खगोलशास्त्रज्ञांनी हा हिशेब थट्टेने, पण गणित चोख ठेवून मांडला. संगणकाचा वेग दर १८ महिन्यांनी दुप्पट होतो असं धरलं, तर जे गणित आजच्या यंत्रावर सोडवायला २६ महिन्यांपेक्षा जास्त वेळ लागणार असेल ते आज सुरूच करू नका. मजा करा, मग नवं यंत्र घ्या, तरी आज सुरू करणाऱ्याच्या आधी उत्तर हातात येईल. कागदावर मांडून बघितलं, बरोबर आहे.

गिऱ्हाईक असं थांबायला लागलं की काय होतं याचंही उदाहरण आहे. ऑस्बोर्न नावाच्या कंपनीने १९८१ साली १,७९५ डॉलरला उचलून नेता येईल असा संगणक काढला. वजन ११ किलो, तरी धडाधड खपला. मग कंपनीने पुढच्या, अधिक चांगल्या यंत्राची चर्चा वेळेआधीच सुरू केली. लोक म्हणाले, मग आत्ता कशाला? थांबू. १९८३ साली कंपनीचं दिवाळं निघालं. (दिवाळं निघायला इतरही कारणं होती असं आता सांगतात, पण अशा प्रकाराला नाव पडलं ते ऑस्बोर्नचंच.)

तर थांबणं शहाणपणाचं. पण मग माझ्या लक्षात आलं, की हे सगळे हिशेब यंत्राचे आहेत. त्या खगोलशास्त्रज्ञांच्या तारका २६ महिन्यांनी तिथेच असतात. माझी लेक २६ महिन्यांनी आठवी ओलांडून नववीच्या उंबऱ्यावर असेल.

मुलांच्या संगणकाचा इतिहास वेगळाच आहे, आणि तो याच प्रश्नापाशी सुरू होतो. लोगो ही भाषा १९६७ साली तयार झाली. ती करणाऱ्यांपैकी सीमोर पॅपर्ट हे गणितज्ञ, पियाजे या मानसशास्त्रज्ञाबरोबर जिनिव्हात काम केलेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. संगणकाने मुलाला शिकवू नये, मुलाने संगणकाला शिकवावं. त्यात चुका होणारच, आणि चूक का झाली ते शोधणं हेच शिकणं. १९६८ साली ॲलन के नावाचा तरुण संशोधक पॅपर्ट यांचं मुलांबरोबरचं काम बघायला गेला आणि परतताना त्याच्या डोक्यात एकच चित्र होतं: वहीएवढा, मुलाला कुठेही नेता येईल असा संगणक. १९७२ साली बोस्टनमधल्या परिषदेत त्याने तो निबंधात मांडला. नाव 'डायनाबुक'. निबंधात नऊ वर्षांची दोन मुलं गवतावर बसून आपापल्या डायनाबुकवर एकमेकांशी खेळतात. किंमत त्याने धरली होती पाचशे डॉलरच्या आत.

१९७२ साली असं यंत्र बनवणं अशक्य होतं. सपाट पडदा नाही, चिप नाहीत, बॅटरी नाही. मूरचा पाढा ॲलन केला तोंडपाठ होता. तो म्हणू शकला असता, थांबू वीस वर्षं. पण झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत १९७३ साली 'आल्टो' तयार झाला. टेबलाखाली छोट्या फ्रिजएवढं खोकं, वर कागदासारखा उभा पडदा. मांडीवर घ्यायचा प्रश्नच नाही. या मंडळींनी त्याचं नाव ठेवलं 'अंतरिम डायनाबुक'. म्हणजे खरा येईपर्यंतचा. आणि ॲडेल गोल्डबर्ग व सहकाऱ्यांनी जवळच्या शाळेतली मुलं आणून त्यावर बसवली. मुलं प्रोग्राम लिहायला लागली, चित्रं काढायला लागली.

"अंतरिम" हा शब्द मला फार आवडला. आत्ता घ्या किंवा थांबा, या दोन्हींच्या मधली ती वाट आहे.

यानंतरची मोठी गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल: शंभर डॉलरचा लॅपटॉप. एमआयटीच्या निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी जानेवारी २००५ मध्ये दावोसला तो जाहीर केला. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप, थांबायचं नाही! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिसला कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत नमुना दाखवला. वीज नसेल तिथे फिरवायला बाजूला एक दांडा होता, आणि तो दांडा कार्यक्रमातच तुटला. विक्रीच्या यंत्रात तो दांडा मग आलाच नाही. यंत्र मात्र सुंदर होतं. हिरवं-पांढरं, सशासारखे दोन कान, धूळ-पाणी जाणार नाही असा रबरी कीबोर्ड आणि भर उन्हात वाचता येईल असा पडदा. किंमत शंभरावर कधीच आली नाही. २००७ अखेर उत्पादन सुरू झालं तेव्हा ती १८८ डॉलरच्या आसपास होती.

आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ सालीच नकार दिला होता. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज आधी आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यावेळी मला तो सरकारी आडमुठेपणा वाटला होता. तरीही भारतातला पहिला प्रयोग झाला तो आपल्याकडेच, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट इथे, २००७ साली. एक खोली, एक शिक्षक, पहिली ते चौथीची वीसेक मुलं. त्या मुलांच्या हातात मुंबई-पुण्यातल्या मुलांच्याही आधी स्वतःचा लॅपटॉप आला. देशव्यापी योजना मात्र कधीच झाली नाही. पुढे ऑक्टोबर २०११ मध्ये आपल्या सरकारने वाजतगाजत 'आकाश' टॅब्लेट काढला. सरकारी खरेदी २,२७६ रुपयांना. त्याचंही पुढे फारसं काही झालं नाही.

जिथे खरोखर वाटले तिथे काय झालं? पेरू देशाने आठ लाखांहून जास्त घेतले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासकांनी तिथल्या ३१९ ग्रामीण शाळा तपासून २०१२ साली निष्कर्ष मांडला. यंत्रांची संख्या भरपूर वाढली, पण गणित आणि भाषेच्या गुणांवर परिणाम आढळला नाही. सर्वसाधारण आकलनाच्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला. उरुग्वेने २००७ साली सुरुवात करून २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला. सोबत शाळांना इंटरनेट आणि दुरुस्तीची सोयही दिली. तिथल्या सुरुवातीच्या अभ्यासातही गुण वाढलेले दिसले नाहीत. पण त्यांनी ती व्यवस्था मोडली नाही. तिच्यावरच पुढे दूरच्या शिक्षकांकडून पडद्यावरून इंग्रजी शिकवणं सुरू केलं, आणि २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती कामी आली.

आपल्याकडे २०२० साली काय झालं ते वेगळं सांगायला नको. माझ्या लेकीची पहिली मोबाईलच्या वीतभर पडद्यावर झाली. ज्या घरात एक मोबाईल आणि तीन मुलं होती, तिथे कुणाला थांबवायचं हे आईबापांनी ठरवलं. थांबणं हा हिशेब नसतो, ती पाळी असते, आणि ती बहुधा धाकट्यांवर किंवा मुलींवर येते.

असो. हे सगळं डोक्यात घोळत असताना माळ्यावरून बाबांची वही काढली. शेवटची नोंद ऑक्टोबर १९९९ ची. आदल्या वेळेपेक्षा भाव वाढलेला आणि पुढे बाबांच्या अक्षरात: "रॅम महाग. थांबावे." मी हसलेच! त्या वर्षी २१ सप्टेंबरला तैवानमध्ये मोठा भूकंप झाला होता, आणि जगाच्या चिप तिथल्या कारखान्यांतून येत असल्यामुळे मेमरीचे भाव भडकले होते. असे झटके नवे नाहीत. १९९३ च्या जुलैमध्ये जपानमध्ये एका कारखान्यात स्फोट झाला. तिथे चिपच्या वेष्टणाला लागणारं रेझिन बनत असे. तेवढ्यावरून रॅम महागली होती. आणि आताची महागाई एआयच्या डेटा सेंटरांमुळे. २०२५ च्या उत्तरार्धात त्यांनी मेमरीची एवढी उचल केली की भाव झपाट्याने चढले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉन या कंपनीने तर किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा ब्रँड बंद करण्याचं जाहीर केलं. म्हणजे रविवारी तो दुकानदार काही थापा मारत नव्हता.

आमच्या घरी कॉम्प्युटर आला जून २००० मध्ये. त्याच महिन्यात मी बारावी होऊन शिकायला पुण्याला हॉस्टेलवर गेले. तो बाबांनीच वापरला. नातेवाइकांना पत्रं टाइप करायचे. मी सुटीत गेले की गाणी ऐकायचे. कासव पुन्हा कधी आठवलंही नाही.

वही हातात घेऊन मी बाबांना फोन लावला. ते आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत, साताऱ्यालाच असतात. म्हटलं, "बाबा, तुम्ही खरंच भाव उतरायची वाट बघत होतात?"

जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, पैसे कुठे होते? आत्याचं लग्न काढलं होतं, मग घराचे हप्ते. स्वस्त होईल असं तुला सांगायला बरं होतं."

"आणि वही?"

"ती खरी. उतरला असता तर घेतलाच असता की."

फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून होते. सहा वर्षं ज्याला मी हिशेब समजत होते, ती एका बापाने मुलीला "परवडत नाही" असं न सांगण्याची युक्ती होती. मग माझं "थांबू" कशासाठी? मला परवडतो. चार महिने जरा हात आखडता घ्यावा लागेल, इतकंच. मी फक्त बाबांचं वाक्य उचललं होतं, त्यामागची अडचण नसताना.

पण म्हणून दुसऱ्या दिवशी उठून दुकानात गेले नाही. पेरूचा अभ्यास डोळ्यांपुढे होता. यंत्र आणून दिलं की शिकणं आपोआप होतं यावर माझा विश्वास उरलेला नाही, आणि आधी वर्गखोली, आधी शिक्षक म्हणणारं ते मंत्रालयही आता तितकं आडमुठं वाटत नाही. शाळेत आमचे सर नसते तर ते बीबीसी मायक्रो म्हणजे नुसती खोकीच होती.

नवऱ्याचा २०१६ चा लॅपटॉप कपाटात पडून होता. विंडोज ११ त्यावर चालत नाही आणि विंडोज १० ची सर्वसाधारण मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. भंगारात द्यायचं चाललं होतं. एका शनिवारी आम्ही त्यावर लिनक्स चढवलं, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली. बॅटरी गेलेलीच आहे, तेव्हा वायर लावूनच चालतो. लेकीला सांगितलं, हा तुझा अंतरिम. नाक मुरडलं तिने, साहजिक आहे. मग एक करार केला. एक वही करायची. त्यात भाव नाही लिहायचे. तुला जे करायचं होतं आणि या यंत्रामुळे करता आलं नाही, ते लिहायचं. अशा खऱ्या पाच नोंदी झाल्या की त्या महिन्यात नवा, रॅम कितीही महाग असो. आणि रोज अर्धा तास मी शेजारी बसणार. माझ्याकडून हाच भाग सगळ्यात महाग आहे, हे मला कबूल करायला हवं.

हे बरोबर आहे का? कदाचित मी पुन्हा बाबांसारखंच थोपवून धरतेय आणि वर त्याला इतिहासाचा मुलामा देतेय. दुकानदाराचं खरं ठरून सहा महिन्यांनी मी हळहळेनही. पण ती थांबलेली नाही, एवढं नक्की.

वहीत आत्तापर्यंत दोन नोंदी आहेत. "खूप गरम होतो" आणि "पंख्याचा आवाज येतो". दुसरी मी अमान्य केली. वाद चालू आहे.

पायथनमध्ये ते कासव अजून आहे, हे मला माहीत नव्हतं. काल तिला चौकोन दाखवला. तो तिने दोन मिनिटांत काढला आणि म्हणाली, आता त्रिकोण. भरभर ६० टाइप केले. कासव भलतीकडेच निघालं.

मी काही बोलले नाही. पाळी संपायची घाई नव्हती.